पुस्तकाच्या माथ्यावरचे खापर

नववीच्या वर्गात मागच्या बाकावरचा एक मुलगा भूगोलाच्या पुस्तकाआड दुसरेच काही तरी वाचीत बसलेला दिसला. कादंबऱ्या लिहिणाऱ्या शिक्षकाच्या मनात अशा वेळी एक चोरटी आशा असते, की निदान पोराच्या हाती कादंबरी तरी असावी! मी जवळ गेलो. पुस्तकाच्या वेष्टनावर सर्वांच्या परिचयाची ती आखूड मिशी होती. हिटलरचे ‘माइन काम्फ’, म्हणजे ‘माझा लढा’. फुटपाथवर घासाघीस करून घेतलेली प्रत. मी हात पुढे केला. त्याने मुकाट्याने पुस्तक दिले आणि विचारले, “सर, हे वाचायला बंदी आहे का?”

बंदी नाही, हे मला ठाऊक होते. मी तसे सांगितले. पण पुस्तक काही परत केले नाही. मधल्या सुट्टीत ते शिक्षकांच्या खोलीतल्या टेबलावर पडले आणि लगेच दोन पक्ष पडले. एक सहकारी म्हणाले, “जप्त करा. या एका पुस्तकाने कोट्यवधी माणसे मारली.” दुसरे म्हणाले, “अहो, पुस्तकाने कधी काय झाले आहे? आपण वर्षभर घसा फोडतो, तरी पोरे बदलत नाहीत!” मी दोघांनाही विचारले, तुम्ही हे वाचले आहे का? दोघांनीही नाही म्हटले. खरे सांगायचे, तर मीही वाचले नव्हते. तीन शिकलीसवरली माणसे एक पुस्तक न वाचताच त्याचा न्याय करीत होती. मला स्वतःचीच लाज वाटली. मुलाकडून महिन्याभराची मुदत मागून घेतली आणि ते पुस्तक वाचून काढले. त्याबरोबर त्याचा इतिहासही चाळला.

फराळाच्या ताटाशेजारी हे नाव काढल्याबद्दल वडीलधाऱ्यांची क्षमा मागतो. परंतु कोणते पुस्तक मुलांच्या हाती जावे आणि कोणते जाऊ नये, हा प्रश्न ज्या घरात निघत नाही असे घर विरळाच. तेव्हा विषय जर्मनीचा असला, तरी प्रश्न घरचाच आहे.

एखाद्या पुस्तकाने इतिहासाला वळण दिले, ही कल्पना आम्हां लेखकांना फार सुखावणारी आहे. तिचे ठरलेले उदाहरण अमेरिकेतले. हॅरिएट बीचर स्टो या बाईंची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही गुलामगिरीवरची कादंबरी १८५२ साली पुस्तकरूपाने निघाली आणि वर्षभरात अमेरिकेत तिच्या तीन लाख प्रती खपल्या. पुढे यादवी युद्ध चालू असता, १८६२ साली, या बाई लिंकनला भेटल्या. तेव्हा ज्या पुस्तकाने हे महायुद्ध पेटविले ते लिहिणाऱ्या इवल्याशा बाई त्या ह्याच काय, अशा अर्थाचे काही लिंकन म्हणाला, असे सांगतात. गोष्ट गोड आहे. अडचण एवढीच, की ती छापून आली १८९० नंतर. लिंकनला जाऊन तेव्हा सुमारे तीस वर्षे झाली होती.

त्या कादंबरीने काहीच केले नाही, असे मात्र नव्हे. १८५७ साली मेरीलँड राज्यात सॅम्युएल ग्रीन नावाच्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाच्या घरी ती सापडली, आणि केवळ ती बाळगल्याबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. घरात बंदूक सापडावी, तशी कादंबरी सापडली! पण या पुस्तकाच्या आधी काय घडले होते, तेही पाहिले पाहिजे. १८५० साली अमेरिकेत असा कायदा झाला, की पळून आलेल्या गुलामाला पकडून देण्याच्या कामी उत्तरेकडच्या नागरिकांनीही हातभार लावला पाहिजे. तोवर दूरची वाटणारी गुलामगिरी त्या कायद्याने उत्तरेतल्या माणसाच्या उंबरठ्यावर आणून उभी केली. त्याच्या मनाला टोचणी लागली होती. कादंबरीने त्या टोचणीला माणसांचे चेहरे दिले. भूमी नांगरलेली होती, म्हणून बी रुजले.

आता ‘माइन काम्फ’चा जमाखर्च मांडू. नोव्हेंबर १९२३ मध्ये म्युनिकला हिटलरने केलेला उठाव फसला. १९२४ साली त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. पण लांड्सबेर्गच्या तुरुंगातून तो त्याच डिसेंबरात बाहेर आला. येताना या पुस्तकाचा बराच मजकूर त्याच्यापाशी होता. पहिला खंड जुलै १९२५ मध्ये आणि दुसरा डिसेंबर १९२६ मध्ये निघाला. पहिल्या वर्षी सुमारे नऊ हजार प्रती गेल्या. पुढे वर्षागणिक खप उतरत गेला आणि १९२८ साली तो जेमतेम तीन हजारांवर आला. त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला किती मते मिळाली? शेकडा २.६. दोन्ही खंड दुकानांत हजर होते, लेखक मोकळा हिंडत होता, आणि शंभर मतदारांतले तिघेही त्याच्यामागे नव्हते!

मग काय झाले? १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. अमेरिकन कर्जावर उभा असलेला जर्मनीचा संसार त्याबरोबर खचला. १९३२ च्या आरंभी तेथे साठ लाखांवर माणसे बेकार होती. १९३० च्या सप्टेंबरात हिटलरच्या पक्षाची मते शेकडा १८.३ झाली, आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३. आता खपाचे आकडे पाहा : १९३० साली चौपन्न हजार, १९३२ साली नव्वद हजार. अडीच टक्के मते मिळविणाऱ्याचे पुस्तक दुकानात पडून राहते. अठरा टक्के मते मिळविणाऱ्याच्या मनात आहे तरी काय, हे लोकांना पाहावेसे वाटते. बैल मतांचा होता. पुस्तक मागची गाडी होती.

आणि मते तरी बहुमताची कुठे होती? ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला तो वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला नेमले म्हणून. आणि या माणसाला आपण मुठीत ठेवू, असा फॉन पापेनसारख्या मुत्सद्द्यांचा हिशेब होता म्हणून. त्यानंतर मात्र पुस्तकाने झेप घेतली. एकट्या १९३३ साली दहा लाखांच्या आसपास प्रती गेल्या. १९३६ पासून नगरपालिकांच्या कचेऱ्यांतून नवविवाहित जोडप्यांना ते भेट मिळू लागले. १९४५ पर्यंत छापलेल्या प्रती एक कोटी वीस लाखांच्या घरात गेल्या. लग्नाच्या आहेरात आलेल्या पुस्तकांचे पुढे काय होते, हे आपल्या वाचकांना मी सांगावयास नको! सत्तेने पुस्तक घरोघर नेले. पुस्तकाने सत्ता आणली नाही.

हे मी म्हणतो असे नव्हे. स्वतः लेखकच म्हणतो. माणसे लेखणीपेक्षा बोललेल्या शब्दाने अधिक जिंकता येतात. मोठ्या चळवळी वक्ते वाढवितात, लेखक नव्हे, असे त्याने पुस्तकाच्या प्रस्तावनेतच नोंदविले आहे. दुसऱ्या खंडात तर तो मार्क्सवाद्यांचेच उदाहरण देतो : लाखो कामगार पुस्तकांमुळे तिकडे गेले नाहीत, हजारो प्रचारकांच्या तोंडी प्रचारामुळे गेले. ज्या ग्रंथाला आपण जगाच्या संहाराचे कारण मानतो, त्याच्या पहिल्या पानांवरच ग्रंथाच्या दुबळेपणाची कबुली आहे.

पुस्तक म्हणूनही ते वाचवत नाही. आत्मचरित्र, पक्षाचा जाहीरनामा आणि चौकातले भाषण यांची ती खिचडी आहे. एकच मुद्दा दहादा येतो आणि प्रत्येक वेळी आवाज अधिक चढलेला असतो. त्यातल्या त्यात जिवंत भाग प्रचारतंत्रावरचा. थोडेच मुद्दे घ्यावेत, मंदातल्या मंद श्रोत्याला कळतील असे मांडावेत आणि सतत घोळावेत, हे त्याने थंड डोक्याने सांगितले आहे. पण कादंबरीकार म्हणून मला सर्वांत अधिक जाणवली ती निराळीच उणीव. शेकडो पानांच्या या ग्रंथात लेखकाखेरीज दुसरे माणूसच जवळजवळ नाही. जन्मदाते आईबाप येतात ते ओझरते. प्रतिस्पर्धी येतात ते माणसे म्हणून नव्हे, तर रोगजंतू आणि बांडगुळे म्हणून. माणसाला एकदा जंतू म्हटले, की पुढचे काम औषधफवारणीचे उरते. या ठिकाणी मी वाचताना थांबलो. येथवर मला ते पुस्तक कंटाळवाणे वाटत होते. येथे त्याचे भय वाटले.

म्हणजे जप्ती सुचविणाऱ्या सहकाऱ्यांचेच खरे का? तसेही नाही. पण पुस्तकाने कधी काय होते, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांचेही खरे नाही. याचा उलगडा दुसऱ्या एका कुप्रसिद्ध पुस्तकाने होतो.

‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’ हे बनावट पुस्तक १९०३ साली प्रथम रशियातल्या एका वृत्तपत्रात आले. ज्यूंचे पुढारी जग ताब्यात घेण्याचा गुप्त कट करीत आहेत आणि ही त्यांच्या बैठकीची टिपणे आहेत, असा त्याचा दावा. १९२१ साली लंडनच्या ‘टाइम्स’ने पुराव्यानिशी दाखवून दिले, की मॉरिस जोली या फ्रेंच लेखकाने १८६४ साली तिसऱ्या नेपोलियनची खोड मोडण्यासाठी लिहिलेल्या संवादातले उतारेच्या उतारे यात चोरले आहेत. मूळ संवादाचा ज्यूंशी काही संबंध नव्हता. एवढे उघडे पडल्यावर एखादे पुस्तक रद्दीत जावे. हे गेले नाही. ‘माइन काम्फ’मध्ये हिटलर त्याचा उल्लेख करतो आणि म्हणतो, की विरोधी वृत्तपत्र ते बनावट असल्याचे ओरडते आहे, हाच ते खरे असल्याचा उत्तम पुरावा! या तर्काला काय उत्तर द्यावे? ज्याला खोटे हवे आहे, त्याच्यापुढे खोटेपणाचा पुरावा चालत नाही. पुस्तकाने त्याला फसविलेले नसते. फसण्याची तयारी करून तो पुस्तक शोधीत आलेला असतो.

माझ्या मते कुप्रसिद्ध राजकीय ग्रंथाचे काम एवढेच, आणि ते थोडे नव्हे. १९१८ च्या पराभवाने कुणाचा मुलगा गेला होता, १९२३ च्या चलनफुगवट्याने कुणाची पुंजी गेली होती, १९३० नंतर कुणाची नोकरी. दुखणे प्रत्येकाचे निराळे होते. अशा ग्रंथाने सगळ्या दुखण्यांना एकच नाव दिले. ते नाव सभेत, वर्तमानपत्रात, खाणावळीत उच्चारले गेले. बहुतेकांच्या कानी ते तेथूनच आले. पण एरवी माणूस जे मनातल्या मनात बोलायलाही कचरतो, ते छापील अक्षरांत, बांधणी केलेल्या ग्रंथात उभे राहिले, म्हणजे त्याला प्रतिष्ठा येते. पुस्तक द्वेष निर्माण करीत नाही; द्वेषाला घरात पाट मांडून बसायला जागा देते.

याला दुसरी एक बाजू आहे, आणि मला ती अधिक खेदाची वाटते. पूर्वेकडे, रशियाच्या भूमीवर जर्मनीने विस्तार केला पाहिजे, हे या पुस्तकात स्वच्छ लिहिले होते. २२ जून १९४१ रोजी जर्मन सैन्य रशियात घुसले. फ्रान्स हा जर्मनीचा हाडवैरी आहे, हेही लिहिले होते. १९३४ साली एका फ्रेंच प्रकाशकाने, आपल्या देशबांधवांना हे कळावे म्हणून, परवानगीवाचून समग्र भाषांतर छापले. तेव्हा हिटलरच्या प्रकाशनसंस्थेने पॅरिसच्या न्यायालयात दावा लावून त्याची विक्री बंद पाडली! इंग्रजीत १९३३ साली आले ते निम्म्याहून अधिक कापलेले भाषांतर. ब्रिटन-अमेरिकेतल्या सामान्य वाचकाच्या हाती समग्र भाषांतर यायला १९३९ साल उजाडले. म्हणजे पाहा : ज्या पुस्तकाने जग भुलविले असे आपण म्हणतो, ते शेजाऱ्यांनी पूर्ण वाचू नये यासाठी लेखकाचेच लोक कोर्टाची पायरी चढत होते. वाचलेल्या पुस्तकाने घात केला, त्याहून न वाचलेल्या पुस्तकाने अधिक केला, असे मला वाटते.

युद्ध संपल्यावर जर्मनीत पुष्कळांनी सांगितले, की घरात प्रत होती खरी, पण आम्ही ती कधी उघडली नाही. अलीकडच्या संशोधकांचे म्हणणे असे, की लोक कबूल करतात त्यापेक्षा ते पुष्कळच वाचले गेले होते. काय खरे, ते ज्याचे त्याला ठाऊक. पण ‘वाचले नाही, म्हणून कळले नाही’ आणि ‘वाचले, म्हणून भुललो’ या दोन्ही सबबींचा शेवट एकच : खापर पुस्तकाच्या माथी! पुस्तकाला तोंड नसते. ते उलट विचारीत नाही, की शेजारच्या दुकानाची काच फुटली तेव्हा तू खिडकी का लावून घेतलीस?

ग्रंथाला हात बळ देतात, याचा एक उजळ दाखला आपल्या मुंबईत घडलेला आहे. गांधीजींनी १९०९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडहून आफ्रिकेला परतताना बोटीवर ‘हिंद स्वराज’ गुजरातीत लिहिले. १९१० साली मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. इंग्रज सरकारही पुस्तकाच्या बळावर भाबडा विश्वास ठेवणाऱ्यांपैकीच होते! पुढे ६ एप्रिल १९१९ रोजी, रौलट कायद्याच्या निषेधाच्या दिवशी, गांधीजी आणि सरोजिनी नायडू संध्याकाळी मोटारींतून बाहेर पडले आणि बंदी असलेली पुस्तके उघड विकू लागले. किंमत चार आणे. लोक पाच-पाच, दहा-दहा रुपयांच्या नोटा देत होते. एक प्रत तर पन्नास रुपयांना गेल्याचे गांधीजींनीच आत्मकथेत नमूद केले आहे. त्या गर्दीतल्या कितीजणांनी घरी जाऊन यंत्रसंस्कृतीवरचे ते विवेचन वाचले असेल? चार आण्यांच्या पुस्तकाला पन्नास रुपये देणारा माणूस पुस्तक विकत घेत नव्हता. भीती टाकून देत होता. सरकारला हे उमगले असावे. ही नवी आवृत्ती आहे, बंदी जुन्या आवृत्तीवर होती, असा अर्थ लावून त्याने खटलाच भरला नाही.

एकाच्या हाती पुस्तक भीती टाकण्याचे निमित्त होते, दुसऱ्याच्या हाती द्वेषाचे. दोन्ही पुस्तके सारखी, असे मी मुळीच म्हणत नाही; एकात माणसाला जंतू म्हटले आहे आणि दुसऱ्यात शत्रूलाही माणूस मानले आहे, हा भेद मोठा आहे. एवढेच म्हणतो, की पुस्तकाने काय केले, हा प्रश्न पुरा नव्हे. ते कुणाला हवे होते आणि कशासाठी, हे त्याबरोबर विचारले पाहिजे.

म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने २०१६ च्या जानेवारीत हाच मार्ग धरला. ‘माइन काम्फ’चे हक्क बव्हेरिया राज्याकडे होते, ते २०१५ अखेर संपले. कुणीही ते छापू शकेल अशी वेळ आली, तेव्हा त्या संस्थेने सुमारे दोन हजार पानांची दोन खंडांतली आवृत्ती काढली. प्रत्येक विधानाभोवती टिपा, साडेतीन हजारांहून अधिक : हे खोटे, हे अमक्याकडून उचललेले, याचा शेवट अमुक ठिकाणी झाला. पुस्तक लपविले नाही आणि मखरातही बसविले नाही. चारी बाजूंनी साक्षीदार उभे करून त्याला बोलू दिले.

माझ्याजवळ साडेतीन हजार टिपा नव्हत्या. एका कागदावर मी दहा-बारा ओळी लिहिल्या : १९२८ ची मते, १९३२ ची बेकारी, तो पॅरिसचा दावा, जून १९४१, आणि शेवटी मारले गेलेले साठ लाख ज्यू. तो कागद पुस्तकात घालून मी ते मुलाला परत केले. “हे का घेतलेस?” असे विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, मुखपृष्ठ भारी होते.”

आठवड्याभराने तो पुस्तक घेऊन आला. चाळीस पाने झाली होती. म्हणाला, “सर, हा नुसताच ओरडतो. कंटाळा आला. पण मग लोकांनी याचे ऐकले कसे?”

आजवर पुष्कळ विद्वानांनी जो प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला असेल, तोच या पोराने विचारला. मी त्याला तयार उत्तर दिले नाही. तो कागद पुन्हा वाचावयास सांगितला, आणि आपल्याला एखाद्याचा फार राग येतो तेव्हा आपण कुणाचे बोलणे ऐकावयास जातो, तेही घरी बसून आठवावयास सांगितले. त्याने मान हलविली. पटली की नाही, कुणास ठाऊक.

पुस्तक आता त्याच्याकडे नाही. जप्तीचा आग्रह धरणाऱ्या सहकाऱ्यांनी त्याच्याकडून ते वाचावयास म्हणून मागून नेले आहे. त्यांची तीस पाने झाली आहेत.